गावरानाचं सोवळं

आमच्या थोरल्या मेहुण्यांना जगात दोन गोष्टी शुद्ध लागतात : तूप आणि कोंबडी. तूप ते निदान तळहातावर चोळून, वास घेऊन पारखतात. कोंबडीच्या बाबतीत मात्र दुकानावरची 'अस्सल गावरान' ही पाटी वाचली की त्यांचं समाधान होतं. दुप्पट पैसे मोजून ती घरी येते आणि मग रस्सा ओरपता ओरपता भाऊजी ब्रॉयलरचा उद्धार करतात. "अरे, ती संकराची अवलाद! तिला ना कूळ ना मूळ. इंजेक्शनं टोचून फुगवतात तिला."

गावरानाचं हे सोवळं आपल्या मध्यमवर्गात हल्ली इतकं माजलं आहे, की कोणीतरी त्या बिचाऱ्या ब्रॉयलरचं वकीलपत्र घ्यायला हवं. ते मी घेतो. (फी नको, तंगडी चालेल.)

पहिलं ते इंजेक्शनाचं. पाच हजार पिलांच्या शेडमध्ये एकेकीला धरून वाढीचं इंजेक्शन टोचायचं, तर शेडवाल्याला त्यासाठी वेगळं खातंच उघडावं लागेल. आणि एवढं करून माल सहा-सात आठवड्यांत विकून मोकळं व्हायचं असतं! प्रतिजैविकं वारेमाप वापरतात म्हणून भांडायचं असेल तर खुशाल भांडा, मी तुमच्या बाजूला आहे. पण तिचं बाळसं टोचून आलेलं नाही. ते रक्तातलं आहे.

आता कूळ. ब्रॉयलरच्या बापाकडची मंडळी कॉर्निश जातीची. ही जात इंग्लंडात कॉर्नवॉलला तयार झाली, ती आपल्याकडच्या असील या झुंजीच्या कोंबड्याचं रक्त घेऊन. तिकडे तिचं नावच 'इंडियन गेम'. अमेरिकेत १९४८ साली 'उद्याची कोंबडी' नावाची स्पर्धा झाली. कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांनी कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर यांचा संकर करून ती जिंकली, आणि ब्रॉयलरचा धंदा त्या वाटेनं पुढं गेला. म्हणजे भाऊजी जिला परकी म्हणून हिणवतात, तिचं पितृकुल इकडचंच. आडनाव तेवढं साहेबी.

उलट ती पाटीवरची 'अस्सल' पाहा. पुष्कळदा ती गिरिराज नाहीतर वनराज निघते. पहिली बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची, दुसरी हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची. दोन्ही संकरित, परसात टिकाव धरावा आणि लवकर भरावं म्हणून मुद्दाम जुळवलेल्या, आणि त्या कामाला उत्तम. पण पिसं रंगीत दिसली की झाली गावरान! खरी गावरान पाच-सहा महिने उंडारते तेव्हा कुठे किलो-सव्वा किलो भरते, वर मध्येच खुडूक बसते. शहरातल्या प्रत्येक पाटीखाली तशी एकेक उभी करायची, तर गावोगावच्या उकिरड्यांचं राष्ट्रीयीकरण करावं लागेल.

आणि एक विसरू नका. पूर्वी कोंबडी कापली जायची ती घरी जावई आला तर, नाहीतर कोंबडीच आजारी पडली तर. आज बांधकामावरचा गडी रविवारी अर्धा किलो चिकन नेतो, ते या कूळ नसलेलीच्या कृपेनं.

संकर म्हणजे तरी काय? एका घराण्याची वाढ, दुसऱ्याची अंडी, आणि दोन्ही एकत्र आल्यावर मिळणारा जोम. (पोटजात जुळवताना जन्म घालवणाऱ्यांना हे पटायचं नाही.) हा जोम पुढच्या पिढीत टिकत नाही, म्हणून शेतकऱ्याला दर खेपेला पिलांसाठी कंपनीच्या दारात जावं लागतं. तक्रार करायचीच तर इथे करा.

आणि दुसरी तक्रार मागणीबद्दल. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ सालच्या वाणांची पिलं शेजारी-शेजारी, सारख्याच खाद्यावर वाढवली. छप्पन्न दिवसांनी वजनं भरली ९०५ ग्रॅम, १,८०८ ग्रॅम आणि ४,२०२ ग्रॅम! खाद्य तेच, बदललं ते वाण. वजन मागितलं, वजन मिळालं. पाय मात्र वजनाच्या मानानं तयार झाले नाहीत. छातीच्या मांसात चरबीचे पांढरे पट्टे येऊ लागले, कधी ते लाकडासारखं कडक होऊ लागलं. या पिलांच्या आई-बापांना तर मोजून-मापून, अर्धपोटी ठेवतात. पोटभर दिलं तर ती इतकी सुटतात की अंडी धड मिळत नाहीत. ज्या घराण्याचं सारं नाव खाण्यावर, तिथल्या वडीलधाऱ्यांना जन्मभर उपास!

याला संकर काय करणार? आपण काट्याकडे बघून कोंबडी घेतो, काट्याला जीभ नसते. फ्रान्समध्ये 'लाबेल रूज' नावाची सरकारी खूण असलेली कोंबडी मिळते. तीही संकरितच, पण सावकाश वाढणाऱ्या घराण्यांची. एक्क्याऐंशी दिवसांच्या आत तिला कापायची नाही असा नियम. महाग पडते, पण लोक चवीसाठी मोजतात, आणि काय मोजतात ते त्यांना ठाऊक असतं.

आपल्याकडच्या पाटीवर एवढंच लिहा : जुळणी कुठली आणि वय किती दिवसांचं. 'अस्सल' पुसलं की तेवढी जागा सहज होईल.