आदी पानी, मंग होरी

बरेच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त आमचे भाचेसाहेब. डॅलसला असतात, शनिवार-रविवार तळ्यावर बास पकडतात आणि पकडलेल्या प्रत्येक माशाचा फोटो मामाला पाठवतात. मामाही "वा! वा!" लिहून मोकळा होतो. पण परवा फोटोऐवजी एका बोटीची माहिती आली. वीस फुटी, चकचकीत लाल रंगाची, पुढे गालिचा घातलेला सपाट डेक, मागे अडीचशे अश्वशक्तीचं इंजिन. खाली एक ओळ: "मामा, अशी एक ट्रॉम्बेला ठेवली तर? मी आलो की मी वापरीन, एरवी छोट्या मामाला हौशी लोकांना फिरवता येईल. पैसे मी घालतो."

छोटा मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याची होडी अजून ट्रॉम्बेच्या धक्क्याला लागते. मी बँकेत गेलो, तो पाण्यातच राहिला. तेव्हा हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही, घरातले पैसे आणि घरातला धंदा दोन्ही त्यात आहेत. म्हणून फोनवर "बघू" म्हणालो आणि इथे सविस्तर लिहितोय. ताई, तू वाचशीलच, लेकाला वाचून दाखव. त्याला मराठी ऐकून कळतं, वाचायचा कंटाळा करतो.

आधी माशाबद्दल. भाचा ज्याला बास म्हणतो तो लार्जमाउथ बास, गोड्या पाण्यातला. आपल्या खाडीत तो नाही. आपल्याकडे आहे तो जिताडा. इंग्रजीत त्याला एशियन सी बास म्हणतात, ऑस्ट्रेलियात बारामुंडी, बंगालात भेटकी, गोव्यात चोणक. नावात बास असला तरी त्या अमेरिकन पाहुण्याशी त्याचं नातं फार लांबचं. पण दोघांची सवय एक! दोघंही पाठलाग करणारे नाहीत, दबा धरणारे. तळ्यात बास बुडालेल्या झाडाआड थांबतो, खाडीत जिताडा तिवरांच्या मुळांशी नाहीतर धक्क्याच्या खांबांआड. त्यामुळे भाच्याने तिकडे जे कमावलंय त्यातलं बरंचसं इथे चालेल. बोट सोडून.

बोट का नाही? तळ्याचं पाणी सकाळी असतं तिथेच संध्याकाळी असतं. ठाण्याच्या खाडीत मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं, आणि लहान भांगेला जेमतेम दीड. उतरलं की मैलभर चिखल उघडा पडतो. फ्लेमिंगोंना तो आवडतो, माणसाला त्यात गुडघ्याच्या वर जाता येत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. वीसेक वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका मित्राने कुणाकडून तरी एक फायबरची बोट मिळवली. तळ खोल इंग्रजी व्ही सारखा, समुद्राची लाट कापायला उत्तम. वद्य प्रतिपदा होती. पाऊण वाजता भरती. आम्ही भरलेल्या पाण्यावर दिमाखात एका उपखाडीत शिरलो. मासा लागेना, म्हणून "अजून थोडं थांबू" करत बसलो. चार वाजता बोट हलली नाही. इंजिन चालू केलं तर पंख्याने नुसता चिखल उडवला, वर दोन प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळून घेतल्या. तळ असा की बोट चिखलात सरळ बसेना, एका अंगावर कलली, आणि आम्ही दोघं त्या उतारावर सतरंजीच्या घड्यांसारखे. पाणी परत आलं ते रात्री दहाला. सहा तास! डास किती होते विचारू नका. दुसऱ्या बाजूने भावाची होडी निवांत जाताना दिसली होती. त्याने हात केला, आम्हीही हात केला. त्याला वाटलं आमचं मजेत चाललंय.

घरी गेल्यावर बाबांनी एकच वाक्य ऐकवलं, "आदी पानी बग, मंग होरी." त्यांनी आयुष्यात भरतीचं छापील कोष्टक बघितलं नाही. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, झाली भरतीची वेळ. अष्टमीला सहा. पंचमीला पावणेचार. शुद्ध पक्ष असो की वद्य. पाच-पंचवीस मिनिटं इकडे-तिकडे होतात, पण खाडीत शिरायचं की नाही हे ठरवायला एवढं पुरतं.

तर आपल्या खाडीसाठी होडी कशी? तळ जवळजवळ सपाट, फूटभर पाण्यात तरंगणारी, चिखलात टेकली तरी सरळ बसणारी. लांबी सोळा ते अठरा फूट पुष्कळ झाली. इंजिन लहान, हाताने दोरी ओढून सुरू होणारं आणि झटक्यात वर उचलता येणारं, म्हणजे पिशव्या काढता येतात. आणि वल्हं हवंच, कारण मासा जवळ आला की इंजिन बंद. सपाट तळाचा तोटाही सांगतो: घारापुरीच्या बाजूला उघड्या पाण्यात वारा उठला की ती थपडा खाते आणि माणसं भिजतात. पण आपल्याला तिकडे जायचंच कशाला? लाकडाची की फायबरची यावर भाऊ आणि मी अजून भांडतो. लाकूड पाण्यात गप्प बसतं, फायबरवर डबा आपटला तरी ढोल वाजतो. पण लाकडाची डागडुजी दरवर्षी, आणि ती करणारे हात कमी होत चाललेत. भाऊ फायबरच्या बाजूने आहे. ज्याला दरवर्षी खर्च करावा लागतो त्याचं मत जड, हे मला मान्य आहे.

ताशी शंभर किलोमीटरच्या वर पळणारी बोट इथे पळणार कुठे हाही प्रश्नच आहे. अणुकेंद्राच्या किनाऱ्याकडे फिरकायचं नाही. वाशी पुलाच्या वर ऐरोलीपर्यंतचा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. उरलेल्या पाण्यात लोकांची जाळी लागलेली असतात. त्या वेगाने एकाची डोल जरी फाडली तरी कोळीवाड्यात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, बोट कितीही लाल असो.

सामान मात्र भाच्याने तिकडूनच आणावं. सात फुटी रॉड, जराशी ताठ. विणलेली दोरी, आणि तिच्या टोकाला दोन-तीन फूट जाड, कडक नायलॉन. हे शेवटचं विसरायचं नाही. जिताड्याला दात दिसत नाहीत पण तोंड आतून पॉलिश पेपरासारखं असतं आणि कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी. नुसती विणलेली दोरी तो मान झटकून कापतो. माझ्या बोटावर त्या कडेची खूण आजही आहे.

रंगीबेरंगी खोटे मासे आणलेस तरी चालतील, पण आपलं पाणी गढूळ. इथे डोळ्यांपेक्षा हादरा महत्त्वाचा, म्हणून खुळखुळा असलेले आण. माझा विश्वास मात्र जिवंत कोळंबीवर. तिच्या डोक्यावर काटा असतो, त्याच्या खालून गळ ओवायचा, आत काळा ठिपका दिसतो त्याला न लावता. मग ती बराच वेळ जिवंत राहते. ओहोटी लागली की लहान ओहोळांतून पाणी मोठ्या खाडीत उतरतं आणि त्याबरोबर बोय, कोळंबी सगळं वाहत येतं. जिताडा त्या तोंडाशी उभा असतो, लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या वाटेवर बसलेल्या माणसासारखा. गळ तिथे टाकायचा. आवाज करायचा नाही. मासा लागला की "ठप्प" असा एकच धक्का येतो आणि तो मुळांकडे धावतो. ते पहिले पाच सेकंद दोरी ढिली सोडलीस तर गेला.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती. जिताडा नर म्हणून मोठा होतो आणि पुढे साधारण सहा-आठ वर्षांचा झाला की मादी होतो. कुठे लवकर, कुठे उशिरा. म्हणजे खाडीतले सगळ्यात मोठे जिताडे, ज्यांच्याबरोबर फोटो काढावासा वाटतो, ते जवळजवळ सगळे माद्या. एकेकीच्या पोटात लाखांनी अंडी. चेन्नईच्या निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये देशात पहिल्यांदा जिताड्याची पैदास करून दाखवली. पण खाडीतल्या माशाला बाहेरून बी कोण आणून देणार? अलिबाग-पेणकडे घरामागच्या तळ्यात जिताडा पाळायची जुनी रीत आहे, तिथलं पिल्लूही मुळात भरतीच्या पाण्याबरोबर खाडीतूनच आलेलं असायचं.

मला हे फार उशिरा कळलं. एकदा पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या गळाला साडेनऊ किलोचा लागला होता. सगळा कोळीवाडा बघायला आला. कापल्यावर गाभोळीच्या दोन लांब पिशव्या निघाल्या, आईने तळल्या, आम्ही बोटं चाटून खाल्ल्या. ती चव आठवते आणि आता थोडी टोचतेही. त्यानंतर तेवढा मासा माझ्या दोरीला आलेला नाही. त्याला एकट्या माझीच गाभोळी कारण नाही, कारखाने, गटारं, भराव, बारीक आसाची जाळी सगळंच आहे. पण माझ्या हातात होतं ते मी तळून खाल्लं.

भाच्याला हे पटायला जड जाऊ नये. त्याच्याच टेक्सासात १९८६ पासून तेरा पौंड किंवा त्याहून मोठा बास पकडला तर तो सरकारी हॅचरीला प्रजननासाठी द्यायची योजना आहे. तिकडच्या बास स्पर्धांत मासा जिवंत सोडायची मोहीम १९७२ची. क्वीन्सलंडच्या पूर्व किनाऱ्यावर बारामुंडी ५८ सेंटीमीटरहून लहान तर ठेवायचा नाहीच, १२० हून मोठाही नाही.

पण हे भावाला कसं सांगणार? दहा किलोचा जिताडा म्हणजे त्याच्या घरचा आठवड्याचा खर्च. "सोडून दे" म्हणणारा मी पेन्शनवाला. हौशी माणसाने कोळ्याला उपदेश करणं मला साफ नामंजूर आहे. म्हणून माझं म्हणणं असं: बोट घेऊ नकोस. भावाचीच होडी दिवसाच्या भाड्याने घे, आणि मोठी मादी लागली तर सोड, पण त्या माशाचे त्या दिवसाच्या भावाने होतील तेवढे पैसे होडीवाल्याच्या हातात ठेव. मासा पाण्यात, पैसे घरात. हौस तुझी आहे तर किंमतही तू मोज. कुणी म्हणेल ही श्रीमंतांची सोय झाली. असेल. पण लाल बोटीच्या किमतीत असे कितीतरी मासे सोडून होतील.

भावाला विचारलं. तो जाळं शिवत होता, मान वर न करता म्हणाला, "मासा सोरायचे पैसे? मंग येऊं दे त्याला रोज."

तेव्हा भाचेसाहेब, नाताळच्या सुट्टीत नको, तेव्हा पाणी गार असतं आणि जिताडा सुस्त. दिवाळीत ये. भाऊबीजेला मी तुमच्याकडे जेवायला येतोच, तिथून तिसऱ्या दिवशी पंचमी. पावणेचारला भरती, म्हणजे दिवेलागणीला ओहोटी चांगली वाहती असेल. साडेचारला होडी काढू. कोळंबी मी आणतो.