नेमकं काय चुकलं ते सांगा

‘काहीतरी चुकलं. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’ मोबाइलच्या पडद्यावर हे वाक्य टाकणाऱ्या प्रोग्रॅमरला बहुतेक वेळा काय चुकलं ते कळू शकतं. तरी तो सांगत नाही. याला मी कामचुकारपणा म्हणतो.

घोडपदेवला न्यू हिंद मिलच्या जागेवर म्हाडानं गिरणी कामगारांसाठी इमारती बांधल्या. या पट्ट्यातल्या सोसायट्यांना मेंटेनन्स भरण्यासाठी मी ॲप करून देतो. वापरणारे बरेचसे निवृत्त कामगार. त्यांतल्या एका काकांचं ॲप चालेना. पडद्यावर एकच ओळ: ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही.’ नेट चालू होतं, सर्व्हरही चालू होता. ज्या कंपनीची पेमेंटची तयार लायब्ररी ॲपमध्ये आहे, तिच्या मदत केंद्रानं ‘ॲप काढून पुन्हा टाका’ एवढंच कळवलं. शेवटी फोनला केबल लावून लॉगकॅट, म्हणजे फोनच्या आतल्या नोंदी, उघडला. वर ‘एसएसएल हँडशेक एक्सेप्शन’, त्याखाली लायब्ररीच्या पोटातल्या फंक्शनांची लांबलचक यादी, आणि पार तळाला शेवटच्या ‘कॉज्ड बाय’पुढे खरी गोष्ट: सर्व्हरच्या सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच झालेली नाही. फोन बरेच दिवस बंद पडून होता, त्याची तारीख काही वर्षं मागे गेली होती. सेटिंगमध्ये तारीख ‘ऑटोमॅटिक’ केली, काम झालं.

म्हणजे सर्टिफिकेटवरची तारीख आणि घड्याळातली तारीख, दोन्ही फोनला ठाऊक होत्या. ‘तुमच्या फोनची तारीख चुकली आहे’ हे वाक्य लिहायला काय लागतं? व्हॉट्सॲप नेमकं हेच सांगतं. या लायब्ररीनं मात्र खरं कारण गिळलं आणि वर खोटं कारण चिकटवलं.

हे गिळणं आमच्या धंद्यात रोजचं झालंय. कोडमध्ये ‘ट्राय’ लिहायचं, ‘कॅच’ लिहायचं आणि कॅचचा कंस रिकामा ठेवायचा. एरर आली तरी ॲप मूग गिळून गप्प. डेमोला सगळं गोडगोड दिसतं, बिल निघतं, आणि सहा महिन्यांनी कोणा तिसऱ्याच माणसाला रात्रभर डोकं फोडावं लागतं. सर्व्हरवाल्यांची तऱ्हा याहून वाईट. व्यवहार फसलेला असतो आणि उत्तर येतं 200, म्हणजे सगळं ठीक. एररचं उत्तर कसं असावं याचा लेखी आराखडा 2016 पासून सगळ्यांसाठी खुला आहे; आधी तो आरएफसी 7807 होता, 2023 पासून त्याची जागा आरएफसी 9457 नं घेतली. तो न वाचता पाट्या टाकणारे स्वतःला सीनियर म्हणवतात, याचा मला संताप येतो.

पैशांच्या ॲपमध्ये तर हा गुन्हाच मानला पाहिजे. यूपीआयनं दुकानदाराला भरलेले पैसे खात्यातून गेले आणि पलीकडून पोच आली नाही, तर पाच दिवसांत ते परत जमा झाले पाहिजेत, पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, असं रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर 2019 चं परिपत्रक सांगतं. पण पडद्यावर ‘पुन्हा प्रयत्न करा’ असेल तर माणूस पुन्हा पैसे भरतो. काकांनी मला विचारलं होतं, “अरे, पैसे गेले की नाही एवढं तरी सांग ना.” त्यांना यापेक्षा जास्त काही नको होतं.

‘नेमकं सांगितलं तर हॅकरचं फावतं’ हा युक्तिवाद मी अनेक मीटिंगांत ऐकलाय. लॉगिनच्या वेळी नाव चुकलं की पासवर्ड, हे सांगू नये, मान्य. पण फोनची तारीख चुकली, बँकेचा सर्व्हर बंद आहे, पैसे अडकलेत, यात हॅकरला काय मिळतं? सुरक्षेच्या नावाखाली आळस खपवला जातो, दुसरं काही नाही. हे वर्षानुवर्षं चालतं, कारण त्रास सोसणारा मीटिंगला नसतो. प्रोग्रॅमरांची स्वतःचीही यातून सुटका नव्हती: जावा भाषा 1996 साली बाजारात आली आणि ओळीतली नेमकी कुठली गोष्ट ‘नल’, म्हणजे रिकामी, होती हे एररमध्ये सांगायला तिला 2020 सालची चौदावी आवृत्ती लागली. तोवर जगभरच्या प्रोग्रॅमरांनी ते अंदाजानं शोधलं.

याच घोडपदेव-लालबागच्या गिरण्यांत साचेखात्यात बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला की साचा, म्हणजे माग, आपसूक थांबायचा. कामगार धोट्याकडे बघायचा, धागा जोडायचा, साचा पुन्हा सुरू. तुटलेल्या धाग्यावर खोटं कापड विणत राहणारा साचा कुठल्याही जॉबरनं, म्हणजे खात्याच्या मुकादमानं, चालवून घेतला नसता. आम्ही मात्र तसंच सॉफ्टवेअर चालवून घेतो.

माझ्याकडे तपासायला आलेल्या कोडमध्ये रिकामा कॅच दिसला की मी ते परत पाठवतो. डिलिव्हरी उद्या असली तरी. एररचा मजकूर मराठीत आणि कारणासकट लिहून आणा, पैसे कुठे आहेत ते त्यात असू द्या, मगच सही करीन. मॅनेजर चिडतात, ग्राहक दुसऱ्याकडे जाईल म्हणून दम देतात. जाऊ दे. लायब्ररी विकणाऱ्या कंपनीलाही करारातच लिहायला लावायचं की खरं कारण वरपर्यंत जसंच्या तसं आलं पाहिजे, नाही आलं तर पैसे कापले जातील. पुढच्या करारात हे कलम मी घालणार आहे, आणि ते मान्य नसलेल्या कंपनीची लायब्ररी या इमारतींतल्या एकाही फोनवर जाणार नाही.