ॲट्रॉसिटी नेमकी कोण करतो?

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी मुलामुलींसाठी इंग्रजीचा वर्ग चालतो. मागच्या रविवारी आम्ही फळ्यावर शेवटी 'टी' येणारे शब्द लिहिले. लिबर्टी म्हणजे स्वातंत्र्य, इक्वॅलिटी म्हणजे समता, फ्रॅटर्निटी म्हणजे बंधुता, डिग्निटी म्हणजे प्रतिष्ठा. हे चारही शब्द संविधानाच्या उद्देशिकेतले. पाचवा अनटचेबिलिटी, अस्पृश्यता. तो अनुच्छेद १७ मधला. सहावा शब्द लिहिला ॲट्रॉसिटी आणि अर्थ विचारला. बारावीतली एक मुलगी चटकन म्हणाली, "सर, आपले लोक पोलीस स्टेशनला जाऊन करतात ती!"

वर्ग हसला. आम्हाला हसू आले नाही. कारण चूक त्या मुलीची नव्हती. गावात, चौकात, चहाच्या टपरीवर ती हेच ऐकत मोठी झाली आहे. "त्यांच्या नादी लागू नको, ॲट्रॉसिटी करतील."

ॲट्रॉसिटी या शब्दाच्या मुळाशी 'क्रूर' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. म्हणजे ॲट्रॉसिटी म्हणजे क्रौर्य, अत्याचार. १९८९ च्या कायद्याचे नावच अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा असे आहे. अखाद्य वस्तू जबरदस्तीने खायला लावणे, विवस्त्र धिंड काढणे, जमीन बळकावणे, पाण्याचा साठा घाण करणे ही त्यातल्या गुन्ह्यांची यादी. आणि हे करणारा कोण, हेही कायदा स्पष्ट सांगतो: जो अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा नाही, तो. मग मार खाणारा 'ॲट्रॉसिटी करणारा' कसा झाला?

काही मित्र म्हणतात, "अहो, बोलण्याच्या ओघात कायद्याचे नाव तसे पडले, त्यात काय एवढे?" आमचा त्यांना साधा प्रश्न आहे. कुणाचा खून झाला आणि त्याच्या भावाने फिर्याद दिली, तर "भावाने मर्डर केला" असे कुणी म्हणते का? चोरीची तक्रार देणाऱ्याला "त्याने चोरी केली" म्हणतात का? मग फक्त आमच्याच बाबतीत फिर्यादी हा कर्ता आणि आरोपी बिचारा कसा होतो?

याचा परिणाम आम्ही कामात रोज पाहतो. एका गावात मुलाला मारहाण झाली. आम्ही त्याच्या आईला गुन्हा नोंदवायला चला म्हटले, तर ती माउली हात जोडून म्हणाली, "नको दादा, आम्ही ॲट्रॉसिटी करणाऱ्यातले नाही." पोराच्या डोक्याला टाके पडलेले आणि अपराधी मात्र तिलाच वाटत होते! एक शब्द उलटा फिरवला की पोलीस स्टेशनची पायरी अशी उंच होते. पुढे समझोत्यासाठी दबाव आणणाऱ्यांचे काम सोपे होते.

अनटचेबिलिटीचेही तेच आहे. इंग्रजीतली 'टी' आणि मराठीतला 'ता' लागला की भाववाचक नाम तयार होते आणि त्यात कर्ता दिसत नाही. अस्पृश्यता म्हटले की वाटते, ती अस्पृश्य म्हटलेल्या माणसाच्या अंगातच आहे. पण शिवायचे नाही हे ठरवणारा दुसराच असतो ना? चवदार तळ्याच्या पाण्यात काही दोष नव्हता, आमच्या ओंजळीतही नव्हता. दोष अडवणाऱ्यांच्या मनात होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला ते पाणी पिऊन हे जगाला दाखवले. अनुच्छेद १७ सुद्धा अस्पृश्यता नष्ट केली एवढे म्हणून थांबत नाही. ती पाळण्यालाच मनाई करतो आणि तिच्यावरून कुणाचा हक्क डावलणे हा गुन्हा ठरवतो. म्हणजे बोट आचरण करणाऱ्याकडे!

आणि समता, बंधुता? त्याही आपोआप असत नाहीत, कुणीतरी त्या पाळाव्या लागतात. आपले तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता, बंधुता या तीन शब्दांत आहे आणि ते फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतले, असे बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरच्या भाषणात सांगितले होते. बुद्धाच्या शिकवणीत नुसते मानणे पुरत नाही, आचरण लागते.

म्हणून बंधुभगिनींनो, आजपासून आपल्या तोंडून तरी "आम्ही ॲट्रॉसिटी केली" हे वाक्य जाऊ द्या. म्हणा, "त्यांनी ॲट्रॉसिटी केली, आम्ही गुन्हा नोंदवला." त्या दिवशी वर्गातल्या सगळ्यांनी हेच वाक्य वहीत लिहिले. त्या मुलीने 'त्यांनी' या शब्दाखाली दोनदा रेघ मारली.

जय भीम!