कासवाच्या पायांखालची माती

भनपुरीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. रायपूर शहरालगतची ही वस्ती कारखान्यांची आणि भातगिरण्यांची. त्यांच्या घरी आफ्रिकेतील सुलकाटा जातीच्या कासवाचे पिल्लू आहे. ‘प्राणी वाळवंटातला, तेव्हा खाली वाळूच घाला’ असे विक्रेत्याने सांगितले, म्हणून त्यांनी लाकडी पेटीत वाळू पसरली. आता चार दिवस पिल्लू पानाला तोंड लावीत नाही, आणि धाकटा मुलगा शाळेतून आला की दप्तरासकट पेटीपाशी बसून राहतो. वाळू बदलावी काय, आणि तिच्या जागी काय घालावे, असे त्या विचारतात.

वाळू आजच काढावी. परंतु त्याआधी पिल्लाला पशुवैद्याकडे न्यावे. ओल्या पानाला चिकटलेली वाळू पोटात जाते व साचून आतडे बंद होऊ शकते. तसे झाले असेल तर माती बदलून गुण येणार नाही.

विक्रेत्याचे बोलणे अर्धे खरे आहे. सुलकाटाचा देश म्हणजे सहाराच्या दक्षिणेचा साहेल प्रदेश. तथापि तेथे हे कासव भर उन्हात वाळूवर बसून राहत नाही. ते खोल बीळ खणून आत शिरते, आणि बिळातील हवा बाहेरच्यापेक्षा दमट असते. व्हिएन्ना येथील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या जातीची पिल्ले कमीअधिक दमट हवेत वाढविली होती. कोरड्या हवेतील पिल्लांच्या पाठीवर उंचवटे अधिक आले. आहारातील प्रथिनांचा वाटा त्या मानाने किरकोळ ठरला. म्हणजे पिल्लाला हवी ती ओल धरणारी, पण चिखल न होणारी जमीन.

ती भगिनींच्या दाराशीच आहे. छत्तीसगढचा शेतकरी आपल्या जमिनीला चार नावांनी ओळखतो : भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाटा तांबडी व खडेमिश्रित; ते खडे पिल्लू गिळील. कन्हार काळी, ओली असता पायांना लिंपते आणि वाळली की भेगाळते. डोरसा मधली, तरी भारीच. निवडावी ती पिवळसर, हलकी मटासी. (विदर्भातील वाचकांनी काळी माती सोडून नदीकाठचा पोयटा घ्यावा.) माती रस्त्याकडेची वा कारखान्यांजवळची नको, खत-औषध मारलेल्या शेतातलीही नको. उन्हात वाळवून चाळावी, दोन भाग मातीत एक भाग रोपवाटिकेत मिळणारे कोकोपीट मिसळावे आणि पाणी शिंपडावे. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा व बोट लावताच फुटावा, इतकीच ओल पुरे. थर एवढा जाड असावा की पिल्लू पाठीपर्यंत आत पुरून घेऊ शकेल. पुढे पाणी कोपऱ्यांतून घालावे, म्हणजे तळ ओला राहतो व वरचा पापुद्रा कोरडा. पोटाखालचे कवच सतत ओले राहिल्यास कुजते. विष्ठा रोज उचलावी.

गिरणीतील भाताचे तूस फुकट मिळते, म्हणून मोह होईल. ओल लागताच त्याला बुरशी येते. लाकडाचा भुसा नाकाडोळ्यांत जातो. गुळगुळीत फरशीवर पाय घसरून फाकतात.

येथे भाषांतरकाराची एक अडचण सांगतो. इंग्रजीत जमिनीवरच्या व पाण्यातल्या कासवांना निरनिराळी नावे आहेत. आपण दोघांनाही कासवच म्हणतो. त्यामुळे तळ्यातल्या कासवाच्या मालकाने हा मजकूर वाचून टाकीत माती ओतू नये!

कायद्याचाही विचार हवा. आपले देशी तारा कासव घरी ठेवणे हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. कोठे सापडल्यास वनखात्याला कळवावे, परस्पर शेतात सोडू नये. सुलकाटा परदेशी असले तरी २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंदणी करावी लागते. ती झाली आहे की नाही, याचा पत्रात उल्लेख नाही. नसल्यास तातडीने करावी.

आणखी एक. हे पिल्लू आज तळहातावर मावते, पण पूर्ण वाढलेले सुलकाटा चाळीस किलोंच्याही वर जाते आणि कुंपणाखालून बीळ काढते. तेव्हा ही पेटी काही वर्षांचीच सोय आहे. पुढे अंगण लागेल, आणि कुंपणाचा पाया खोल घ्यावा लागेल. तूर्त वैद्यांनी काय सांगितले, आणि पिल्लू नवी माती उकरू लागले काय, ते कळवावे.