शब्दांची गंमत : सुट्टी की रजा?

बालमित्रांनो, शाळेला ‘सुट्टी’ असते, पण आईबाबा ऑफिसातून ‘रजा’ काढतात. असं का बरं? ‘सुट्टी’ आली ‘सुटणे’वरून. घंटा झाली, की सुटलो! ‘रजा’ मूळची अरबी. तिचा अर्थ संमती. म्हणून रजा मागावी लागते. आणि ‘सण’? तो संस्कृत ‘क्षण’वरून आला. क्षण म्हणजे उत्सवसुद्धा!

रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांना आयती मिळाली नाही हं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी लढा दिला, तेव्हा कुठे १८९० साली ती मिळाली.

आता सांगा, सणाला पुरणपोळ्या लाटणाऱ्या आईला सुट्टी कधी? येत्या रविवारी निदान ताटं तरी तुम्ही घासा. काय, कबूल?