देश पाहून साइट बंद करू नका

एखाद्या सरकारने शेजारच्या देशावर रणगाडे घातले की चीड येते. स्वतःची छोटीशी वेबसाइट असेल तर मनात येतं, त्या देशातून येणाऱ्या सगळ्यांना ती बंदच करून टाकावी. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा काहींनी तसं केलंही. चीड रास्त आहे. तरीही हे करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

करायला ते फार सोपं असतं. येणाऱ्याचा आयपी पत्ता कोणत्या देशातला, हे एका यादीत बघायचं आणि रशियाचं ‘आरयू’ निघालं की सर्व्हरने ‘४०३’, म्हणजे प्रवेशबंदीचा, नकार धाडायचा. पण त्या यादीला माणसाचं मत कळत नाही. मॉस्कोतला सरकारी अधिकारी खरा आयपी लपवणारं व्हीपीएन लावून नेदरलँड्समार्गे आत येईल. बाहेर राहील ती युद्धाला विरोध असलेली एखादी शिक्षिका, किंवा तिकडे डॉक्टरकी शिकायला गेलेला आपल्या महाराष्ट्रातला मुलगा.

मार्च २०२२ मध्ये रशियन सरकारने स्वतःच फेसबुक, इन्स्टाग्राम आणि बीबीसी बंद केलं. लोकांना बाहेरचं काही दिसू नये, हेच त्याला हवं होतं. आपणही बाहेरून कुलूप लावलं तर त्याचंच काम हलकं होतं. युक्रेनने तर ‘.आरयू’ हे डोमेनच रद्द करा, अशी मागणी डोमेनांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेकडे केली होती. बॉम्ब झेलणाऱ्यांनी ती करावी, हे समजण्यासारखं आहे. आयकॅनने नकार दिला. माझ्या मते तो योग्यच होता.

त्याच मार्चमध्ये ‘नोड-आयपीसी’ या मोफत सॉफ्टवेअरच्या कर्त्याने याहून पुढची मजल गाठली. आयपी रशियाचा किंवा बेलारूसचा दिसला की संगणकातल्या फाइलींतला मजकूर पुसून तिथे हृदयाचं चिन्ह भरणारा कोड त्याने घातला. त्या फाइली कुणाच्या, हे त्याला कळणं शक्यच नव्हतं. शांततेच्या नावाखाली केलेली ही नासधूस होती.

निषेध जरूर करा. तीच यादी वापरा, पण पान उघडू द्या आणि वर रशियन भाषेत एक ठळक पट्टी लावा: १६ मार्च २०२२ ला युक्रेनमधल्या मारियुपोलच्या नाट्यगृहावर बॉम्ब पडला, आत आसऱ्याला आलेली माणसं होती, आणि खरी बातमी अमुक ठिकाणी वाचता येईल. कायद्याने घातलेले निर्बंध पाळावे लागतात, तो भाग वेगळा. पण निव्वळ रागापोटी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये बंदीची ओळ टाकली असेल, तर ती आजच काढा.