गुडघे टेकले तरच प्रार्थना?

सेमाडोहसारख्या गावाहून कॉलेजात आल्यावर ख्रिस्ती मित्रांमधील एक वाद मला वरचेवर ऐकू येतो. प्रार्थना गुडघे टेकूनच झाली पाहिजे. मांडी घालणे हा आळस आणि हात जोडून वाकणे ही हिंदूंची नक्कल, असे काहीजण ठासून सांगतात. हा नुसता गप्पांचा विषय नाही. संधिवाताने हैराण झालेल्या एका कोरकू आजीबाईंना प्रार्थनासभेत सर्वांदेखत "आजी, बसता काय, गुडघे टेका" असे सुनावलेले मी ऐकले आहे. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत.

वस्तुतः बायबलात एकच आसन सांगितलेले नाही. गेथशेमाने बागेत येशूने गुडघे टेकले, असे लूक लिहितो. मत्तय म्हणतो, तो पालथा पडला. दाखल्यातला जकातदार दूर उभा राहून ऊर बडवतो, आणि त्याचीच प्रार्थना पावते. इ. स. ३२५ च्या निकेया येथील धर्मपरिषदेने तर रविवारी आणि पुनरुत्थानानंतरच्या पन्नास दिवसांत उभ्यानेच प्रार्थना करावी, असा नियम केला. म्हणजे आज जे अनादि समजले जाते, तेच त्या दिवशी मना होते!

राहिला नकलेचा आक्षेप. भारतातील कॅथलिक बिशपांच्या विनंतीवरून १९६९ साली रोमने बारा गोष्टींना संमती दिली. जमिनीवर बसणे, पादत्राणे काढणे, गुडघा टेकण्याऐवजी अंजली जोडून वाकणे, पंचांग प्रणाम, हे सारे त्यांत आहे. आणि प्रॉटेस्टंट मंडळींनी आपल्या रेव्हरंड टिळकांना आठवावे. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीने अभंग आणि कीर्तन उपासनेत रुजवले. कीर्तनाला कोणी गुडघ्यांवर बसते काय?

गुडघे टेकणे टाकून द्यावे, असे मात्र मी म्हणत नाही. ज्याची मान कोणापुढे लवत नाही, त्याने देवापुढे गुडघे टेकावेत. त्यात मोठा अर्थ आहे. पण जी बाई आठवडाभर दुसऱ्याच्या शेतात उकिडवी बसून निंदते, तिला त्यात नम्रता वाटणार की नुसती कळ येणार? तिच्यासाठी ताठ, निवांत बसणे हीच एखादेवेळी खरी प्रार्थना असेल. सभा चालवणाऱ्याने आरंभी "ज्याला जसे जमेल तसे बसा" एवढे म्हटले, तर कोणता धर्म बुडतो? आणि सतरंजीवर पुढची जागा म्हाताऱ्यांना द्यावी. तरुणांनी मागे खुशाल गुडघे टेकावेत.